हिशेब ठेवणारा दर्यावर्दी

स्मरणिका समितीने ज्येष्ठ सभासदांना कळवलं होतं, की प्रत्येकाने आपल्याला आवडणाऱ्या एका दिवंगत थोर व्यक्तीचं चरित्र थोडक्यात लिहून द्यावं. साने गुरुजी, बहिणाबाई, सावित्रीबाई ही नावं इतरांनी आधीच घेतली होती. ती घ्यायलाच हवीत. मी मात्र जरा लांबचा माणूस निवडला. त्याचं नाव हेन्री रॉबर्टसन बॉवर्स. दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या शिडाच्या जहाजावरचा तो भांडारप्रमुख होता.

आता दोंडाईच्यात बसून, मे महिन्यात पंख्याखाली घाम पुसत, बाजारातल्या मिरचीचा खाट सोसत दक्षिण ध्रुवाची गोष्ट सांगायची म्हणजे कुणालाही हसू येईल. पण मी सोसायटीचा अकरा वर्षं खजिनदार होतो. पावतीपुस्तक, पाण्याच्या टाकीचा खर्च, लाइट बिल, पंपाच्या दुरुस्तीची वर्गणी यांत माझी संध्याकाळ जायची. ध्रुवावरच्या मोहिमांची पुस्तकं वाचायचा नाद मला जुना. त्यात सगळे जण कॅप्टन स्कॉटबद्दल वाचतात. माझं लक्ष मात्र दरवेळी त्याच्या भांडारवाल्याकडे जायचं. बिस्किटं मोजणारा, रॉकेलचे डबे मांडणारा, वजनं लिहून ठेवणारा हा माणूस मला आपल्यातला वाटला. तो गेला तेव्हा फक्त २८ वर्षांचा होता, माझ्या धाकट्या मुलापेक्षाही लहान. म्हणून त्याला आदरार्थी न लिहिता मी 'तो'च म्हणतो. आदर आहे तो आहेच.

बालपण आणि मुंबईचा संबंध

बॉवर्सचा जन्म २९ जुलै १८८३ रोजी स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक या बंदराच्या गावी झाला. वडील जहाजाचे कप्तान. हेन्री अगदी लहान असतानाच ते रंगूनला वारले. आईने दोन मुली आणि हा एक मुलगा एकटीने वाढवला. पोराने वडिलांचाच मार्ग धरला. चौदाव्या वर्षी तो टेम्स नदीवरच्या 'वॉर्सेस्टर' नावाच्या प्रशिक्षण जहाजावर दाखल झाला आणि पुढे व्यापारी शिडाच्या जहाजांवर जगाच्या फेऱ्या करू लागला.

१९०५ साली तो 'रॉयल इंडियन मरीन'मध्ये लागला. हे नाव आज कुणाला माहीत नसतं, पण आपल्या भारतीय नौदलाचा हा पूर्वज. त्याचं मुख्य ठाणं मुंबईच्या गोदीत होतं. म्हणजे आपल्या कथानायकाची नोकरी मुंबईच्या आस्थापनेवरची. ब्रह्मदेशात इरावती नदीवर त्याने बोटी चालवल्या. नंतर इराणच्या आखातात चोरटी शस्त्रं नेणारी गलबतं पकडण्याच्या कामावर 'फॉक्स' नावाच्या युद्धनौकेवर होता. सगळी नोकरी उकाड्यातली. थंडीशी त्याचा संबंध फार तर लहानपणीचा.

दिसायला तो कसा होता? उंची जेमतेम पाच फूट चार इंच, लाल केस आणि पक्ष्याच्या चोचीसारखं मोठं नाक. त्या नाकावरूनच मित्रांनी त्याचं नाव 'बर्डी', म्हणजे पाखरू, असं पाडलं. पुढे याच पाखराने जगातल्या सर्वांत मोठ्या पेंग्विनच्या अंड्यांसाठी जीव धोक्यात घातला.

टेरा नोव्हा

कॅप्टन रॉबर्ट स्कॉटने १९१० साली अंटार्क्टिकाची मोहीम काढली. जहाजाचं नाव 'टेरा नोव्हा', म्हणजे नवी भूमी. मूळचं हे देवमासे आणि सील मारणाऱ्यांचं लाकडी जहाज, १८८४ साली डंडीला बांधलेलं. तीन डोलकाठ्या, शिडं आणि जोडीला वाफेचं छोटं इंजिन. कोळसा वाचवायचा म्हणून जमेल तितका प्रवास शिडांवरच करायचा.

ध्रुव गाठणं हा या मोहिमेचा एक हेतू. पण जहाजावर शास्त्रज्ञांची मोठी फळी होती आणि तिचा प्रमुख होता डॉक्टर एडवर्ड विल्सन. विल्सन वैद्यकीचा पदवीधर, पक्षितज्ज्ञ आणि उत्तम चित्रकार. डेनिस लिली हा जहाजावरचा जीवशास्त्रज्ञ. जाळी टाकून तो समुद्रातले सूक्ष्म जीव आणि तळातले प्राणी वर काढायचा, देवमाशांचा अभ्यास करायचा. एडवर्ड नेल्सन हा दुसरा जीवशास्त्रज्ञ. किनाऱ्याजवळ गोठलेल्या समुद्रात भोक पाडून त्यातून तो भरती-ओहोटी मोजायचा आणि जाळी सोडायचा. अ‍ॅटकिन्सन हा डॉक्टर मासे पकडून त्यांच्या पोटातले परजीवी किडे तपासायचा. ध्रुवाकडच्या समुद्रात कोण जगतं, कशावर जगतं आणि पाणी कसं वाहतं हे समजून घ्यायचा त्या काळातला हा फार मोठा प्रयत्न होता. त्याचे अहवाल पुढे कित्येक वर्षं छापले जात होते.

बॉवर्सला मुळात फक्त जहाजावर ठेवायचं ठरलं होतं. लंडनला माल भरायच्या वेळी हा गडी उघड्या झडपेतून जहाजाच्या तळकोठ्यात पडला, खाली रचलेल्या लोखंडावर. लोक धावले, तर हा उठून कपडे झटकत पुन्हा कामाला लागला. पण स्कॉटवर छाप पडली ती त्याच्या हिशेबाची. कोणतं खोकं कुठे आहे, त्यात काय आहे, किती उरलं आहे हे त्याला तोंडपाठ असायचं. न्यूझीलंडला पोहोचेपर्यंत स्कॉटने विचार बदलला आणि त्याला किनाऱ्यावर राहणाऱ्या तुकडीत घेतलं. आपल्याकडे चांगला भांडारी मिळाला की आचारी निम्मा निर्धास्त होतो, तसंच ते.

डिसेंबर १९१० च्या सुरुवातीला दक्षिण महासागरात मोठं वादळ झालं. जहाज खच्चून भरलेलं. १९ घोडे, तीसहून जास्त कुत्रे, कोळशाच्या गोण्या, तेलाचे पिंप. पाणी आत येऊ लागलं आणि नेमके पंप तुंबले, कारण कोळशाची भुकटी आणि तेल मिळून त्यांचे गोळे झाले होते. एक दिवसभर माणसं रांग लावून बादल्यांनी पाणी उपसत होती. शेवटी इंजिनाच्या खोलीतल्या लोखंडी भिंतीला भोक पाडलं आणि त्यातून लेफ्टनंट इव्हान्स आणि बॉवर्स पंपाच्या विहिरीत उतरले. काळ्या पाण्यात बुडून हाताने ते गोळे त्यांनी काढले. पंप सुरू झाला आणि जहाज वाचलं. आपल्याकडे टाकीचा पंप बिघडला की कोण खाली उतरतं, हे आपल्याला माहीत आहेच. सभेत बोलणारे वेगळे असतात.

तुटलेला बर्फ

जानेवारी १९११ मध्ये केप इव्हान्स या जागी लाकडी घर उभारलं. त्यात २५ माणसं हिवाळाभर राहिली. सामानाची मांडणी बॉवर्सची. लगेच पुढच्या वर्षीच्या ध्रुवाच्या वाटेवर अन्न आणि इंधन पुरून ठेवायचं काम सुरू झालं. शेवटचा मोठा साठा ८० अंश अक्षांशावर ठेवायचा होता. पण घोडे थकले, म्हणून तो पन्नासहून जास्त किलोमीटर अलीकडेच ठेवला. त्यात साधारण टनभर सामान होतं, म्हणून त्याचं नाव 'वन टन डेपो'. वाचकहो, हे नाव लक्षात ठेवा.

परतीच्या वाटेवर १ मार्च १९११ च्या पहाटे बॉवर्सला जाग आली तेव्हा त्याच्या तंबूभोवतीचा गोठलेला समुद्र फुटलेला होता. तो, चेरी-गॅरार्ड आणि क्रीन असे तिघे आणि चार घोडे सुट्या लाद्यांवर तरंगत होते. एक घोडा तर रात्रीतूनच गायब झाला होता. भोवती किलर व्हेल जातीच्या माशांची टोळी काळी-पांढरी डोकी बर्फाच्या वर काढून बघत होती. खरं म्हणजे हे मासे नव्हेत, डॉल्फिनच्या कुळातले सस्तन प्राणी. लाद्या एकमेकींजवळ आल्या की बॉवर्सने घोड्यांना उड्या मारायला लावायच्या, गाड्या ओढायच्या, पुन्हा थांबायचं. असे तास न् तास गेले. क्रीन उड्या मारत मदत आणायला गेला. अखेर तिघेही वाचले, सामानही बरंचसं वाचलं. घोडा मात्र एकच हाती लागला. माणसं सुटल्यावरही बॉवर्स सामान आणि घोडे सोडून यायला तयार नव्हता. त्याच्या ताब्यात दिलेली वस्तू ही त्याची जबाबदारी होती.

तीन अंडी

आता त्याच्या आयुष्यातला सर्वांत विलक्षण प्रवास सांगतो.

एम्परर पेंग्विन म्हणजे सम्राट पेंग्विन, हा पेंग्विनमधला सर्वांत मोठा. उंची मीटरभराहून जास्त, वजन ३०-४० किलो. बाकी पाखरं उन्हाळ्यात अंडी घालतात, हा पठ्ठ्या अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात, गोठलेल्या समुद्रावर. मादी एकच अंडं घालते आणि ते नराच्या पायांवर देऊन समुद्रात चरायला जाते. नर दोन महिने ते पायावर घेऊन, पोटाच्या कातडीची घडी त्यावर पांघरून उभा राहतो. खाणं नाही. शेकडो नर अंगाला अंग लावून घोळका करतात आणि हळूहळू सरकत आळीपाळीने आत-बाहेर होतात. आतला थोडा उबला की बाहेर येतो, बाहेरचा आत जातो. सहकार म्हणतात तो हा. सहकार कायदा काही त्यांनी वाचलेला नाही!

विल्सनला त्या अंड्यातलं अर्धवट वाढलेलं पिल्लू हवं होतं. पक्षी सरपटणाऱ्या प्राण्यांपासून कसे झाले याचा पुरावा त्यात मिळेल, अशी त्या काळच्या शास्त्रज्ञांची समजूत होती. अंडी मिळायची जागा केप क्रोझियर, शंभराहून जास्त किलोमीटर दूर. आणि जायचं हिवाळ्यात, म्हणजे चोवीस तास अंधारात.

२७ जून १९११ रोजी विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड निघाले. घोडे नाहीत, कुत्रे नाहीत. बर्फावरच्या दोन गाड्या स्वतः ओढायच्या. बर्फ इतका थंड आणि वाळूसारखा खरखरीत, की दोन गाड्या एकदम ओढेनात. एक गाडी पुढे न्यायची, परत यायचं, दुसरी न्यायची. काही दिवस तर एवढं करून तीन-चार किलोमीटर वाट सरे. तापमान शून्याखाली ६० अंश सेल्सियसपर्यंत उतरलं. आपल्या उन्हाळ्यातले ४४ अंश धरले, तर फरक शंभराच्या वर जातो. घाम कपड्यातच गोठायचा. झोपायच्या पिशव्या पत्र्यासारख्या ताठ व्हायच्या. जायलाच १९ दिवस लागले.

तिथे त्यांनी दगडांची खोपटी रचली, वर गाडीची तुळई आणि कॅनव्हासचं छत. बर्फाचे कडे उतरून पेंग्विनपाशी गेले. पाच अंडी मिळाली, दोन वाटेत फुटली, तीन राहिली. मग वादळ आलं. तंबू उडून गेला आणि पाठोपाठ खोपटीचं छत फाटून चिंध्या झाल्या. तिघे पिशव्यांत पडून वरून बर्फ झेलत राहिले. तंबू नाही म्हणजे परतीच्या वाटेवर मरण, हे तिघांनाही कळत होतं. वारा पडल्यावर ते अंधारात शोधायला निघाले आणि तंबू उताराच्या खाली जवळजवळ धडधाकट सापडला. त्यानंतर रोज रात्री झोपताना बॉवर्स तंबूला बांधलेली दोरी स्वतःच्या अंगाला बांधून घ्यायचा. तंबू गेला तर मीही जाईन, असा साधा हिशेब. स्वतःची पिसांची जादा दुलई त्याने वापरली नव्हती, ती चेरीला देऊ केली, पुन्हा पुन्हा, तो घेईपर्यंत. १ ऑगस्टला तिघे परतले. अंगावरचे गोठलेले कपडे सोबत्यांना कापून काढावे लागले.

ध्रुव

ध्रुवाची स्वारी १ नोव्हेंबर १९११ ला निघाली. बॉवर्स शेवटच्या तुकडीत नव्हता. दुसऱ्या गटातला म्हणून त्याच्या गटाने बर्फावर घसरायच्या पट्ट्या, म्हणजे स्की, वाटेत ठेवूनही दिल्या होत्या. पण जानेवारी १९१२ च्या सुरुवातीला स्कॉटने अचानक चाराऐवजी पाच जणांना पुढे न्यायचं ठरवलं आणि पाचवा म्हणून बॉवर्सला घेतलं. बाकीचे चौघे स्कीवर, हा पायी. जवळजवळ महिनाभर तो तसाच, आखूड पायांनी बर्फ तुडवत, गाडी ओढत होता.

मी खजिनदार असल्यामुळे मला इथे एक गोष्ट कायम खटकते. सगळं अन्न, तेल, तंबू चौघांच्या मापाने बांधलेलं होतं. पाचवा माणूस आला की दर डब्याची वाटणी बदलते, स्वयंपाकाला रोज अर्धा तास जास्त लागतो, तेवढं रॉकेल जास्त जळतं. ही मापं बॉवर्सइतकी कुणाला ठाऊक असणार? पण निर्णय प्रमुखाचा होता, आणि वाढलेला पाचवा तो स्वतः होता. त्याने आहे त्यात मापं बसवली. सूर्याची उंची मोजून जागा ठरवणं आणि हवामानाची नोंद ठेवणं ही कामंही त्याच्याकडेच होती. दिवसभर गाडी ओढून झाल्यावर बाकीचे टेकले की हा बोटं गोठवत आकडे लिहायचा.

१६ जानेवारीला दूरवर एक काळा ठिपका पहिल्यांदा बॉवर्सनेच पाहिला. जवळ गेल्यावर तो काळा झेंडा निघाला. नॉर्वेचा अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ लाच ध्रुवावर पोहोचला होता. पाचही जण १७ जानेवारीला ध्रुवावर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो काढला. पाच थकलेली, काळवंडलेली माणसं. खाली बसलेला बॉवर्स कॅमेऱ्याला बांधलेली दोरी ओढतो आहे. तो फोटो आजही सगळीकडे दिसतो, पण दोरी कुणाच्या हातात आहे ते फारसं कुणी पाहत नाही.

परतताना बियर्डमोर हिमनदीजवळ विल्सनला दगडांत पानांचे ठसे सापडले. त्यांनी १६ किलो दगड गाडीत घेतले आणि शेवटपर्यंत टाकले नाहीत. त्यात ग्लोसोप्टेरिस नावाच्या प्राचीन झाडाची पानं होती. हेच झाड आपल्या विदर्भात, नागपूर-चंद्रपूर भागातल्या कोळशाच्या थरांतही सापडतं. म्हणजे एके काळी आपली भूमी आणि अंटार्क्टिका एकाच खंडाचा भाग होती, आणि त्या खंडाला गोंड लोकांच्या नावावरून गोंडवन असं नाव आहे. महाराष्ट्राशी त्या गोठलेल्या भूमीचं नातं असं फार जुनं.

१७ फेब्रुवारीला एडगर इव्हान्स गेला. मार्चच्या मध्यावर ओट्स, आपल्यामुळे इतर अडकू नयेत म्हणून, वादळात तंबूबाहेर पडला तो परतलाच नाही. प्रत्येक साठ्यावर रॉकेलचे डबे उघडावेत तर तेल कमी. चोरी कुणी केली नव्हती. झाकणाचे चामड्याचे वायसर थंडीने आखडून तेल उडून गेलं असावं. अमुंडसेनने आपले डबे झाळून बंद केले होते. एवढासा वायसर, पण तेल नाही म्हणजे बर्फ वितळवून पाणी नाही, ऊन जेवण नाही. मोठमोठी कामं कशी कुठे अडतात ते बघा.

स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स यांचा शेवटचा तंबू वन टन डेपोपासून साधारण २० किलोमीटरवर पडला. दुचाकीवर अर्ध्या तासाची वाट. साठा मूळ ठरलेल्या जागी असता तर तो त्यांना आधीच लागला असता. विल्सन आणि बॉवर्स दोघांनी पुढे जाऊन तेल आणायचं ठरवलं होतं, पण वादळाने बाहेर पडू दिलं नाही. मार्च १९१२ च्या अखेरीस तिघांचा अंत झाला. बॉवर्सने आईला लिहिलेलं पत्र तिथेच सापडलं.

हिंदुस्थानातली सात खेचरं

१२ नोव्हेंबर १९१२ ला शोधपथकाला तो तंबू सापडला. त्या पथकाचं सामान ओढायला हिमालयातली, हिंदुस्थान सरकारने पाठवलेली सात खेचरं होती. त्यांची नावं लाल खान, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहेब! अंटार्क्टिकाच्या पांढऱ्या माळावर कुणीतरी गुलाब म्हणून हाक मारत असेल, ही कल्पनाच मला भरून आणते. पथकाने तंबू तिघांवर पाडला, वर बर्फाची रास रचली आणि स्कीचा क्रूस रोवला. डायऱ्या, फोटोंची फिल्म, हवामानाच्या नोंदी आणि १६ किलो दगड सोबत आणले.

त्या तीन अंड्यांचं काय झालं? चेरी-गॅरार्डने १९१३ साली ती लंडनच्या संग्रहालयात नेऊन दिली. तिथे त्याला ओसरीत बराच वेळ ताटकळत बसावं लागलं, कुणाला त्यांची विशेष पर्वा नव्हती. सविस्तर अहवाल १९३४ मध्ये आला. ज्या सिद्धान्तासाठी हा जिवावरचा प्रवास केला तो सिद्धान्तच तोवर शास्त्राने सोडून दिला होता.

मग सगळं फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. बॉवर्सने लिहिलेले तापमानाचे आकडे शास्त्रज्ञांनी अनेक दशकांनी पुन्हा काढून तपासले, आणि १९१२ चा मार्च नेहमीपेक्षा जास्त थंड होता हे त्यावरून मांडता आलं. नीट लिहिलेली नोंद वाया जात नाही. ती वाचणारा कधी येईल हे मात्र लिहिणाऱ्याला माहीत नसतं.

आज ध्रुवाकडच्या समुद्राची तब्येत कशी आहे हे कळतं तेही अशाच जुन्या-नव्या नोंदी शेजारी ठेवून. १९६० च्या दशकात अंटार्क्टिकातल्या पेंग्विनच्या शरीरात डीडीटी सापडलं. तिथे ना शेत, ना डास. जगातल्या शेतांवर आणि घरांत फवारलेलं औषध वारा आणि समुद्र यांनी तिथवर पोचवलं. आपल्याकडे मिरचीवर, कपाशीवर काय फवारतो आणि पावसात ते तापीतून कुठे जातं याचा विचार आपणही करायला हवा. तापी सुरतेपाशी समुद्राला मिळते, आणि समुद्र सगळे एकच. २०२२ साली अंटार्क्टिकाच्या बेलिंग्सहाउझेन समुद्राकाठच्या भागात समुद्रावरचा बर्फ वेळेआधी फुटला आणि सम्राट पेंग्विनच्या पाच वसाहतींपैकी चारांमधली पिल्लं वाचली नाहीत. पोहण्याजोगी पिसं यायच्या आतच पायाखालची जमीन गेली. आपल्या घराचा स्लॅब पावसाळ्याआधी नाही, पावसाळ्यातच निघावा, तसं.

आपल्या देशानेही हे काम हाती घेतलं आहे. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून डॉक्टर सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. कासिम स्वतः समुद्री जीवशास्त्रज्ञ. आज तिथे 'मैत्री' आणि 'भारती' ही आपली संशोधन केंद्रं आहेत आणि त्यांचं काम गोव्यात वास्को इथल्या राष्ट्रीय संस्थेतून चालतं. सोसायटीतल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींनो, डॉक्टर-इंजिनिअरशिवायही वाटा आहेत. गोवा काही ध्रुवाइतका लांब नाही.

शेवटी सभासदांना एक विनंती. या २५ वर्षांत आपल्या सोसायटीचं दप्तर ज्यांनी सांभाळलं त्यांतले काही आज हयात नाहीत. बांधकामाच्या वेळी सिमेंटच्या गोण्या मोजणारे, दुष्काळात टँकरची पाळी लावणारे, पहाटे व्हॉल्व्ह उघडणारे, थकबाकी मागायला जाऊन बोलणी खाऊन आलेले. त्यांचे फोटो या अंकात असतील नसतील, पण त्यांच्या अक्षरातल्या वह्या कार्यालयाच्या कपाटात आहेत. गेल्या दोन वार्षिक सभांना खजिनदारपदासाठी एकही नाव आलं नाही, आग्रह करून कुणाला तरी बसवावं लागलं. हे काम मानाचं नाही, पैशाचं तर नाहीच, आणि चूक निघाली तरच लोकांना आठवतं. पण टाकीत पाणी, जिन्यात उजेड आणि छताला डांबर याच कामावर उभं आहे. येत्या सभेत तरुण सभासदांनी आपणहून हात वर करावा. वह्या कशा लिहायच्या ते शिकवायला मी रोज संध्याकाळी सहानंतर घरीच असतो. चहा आमच्याकडे.

बॉवर्सला आणि आपल्या सर्व दिवंगत पदाधिकाऱ्यांना माझे विनम्र अभिवादन.

– एक माजी खजिनदार